बांगड्याची बदनामी

गेल्या महिन्यात मुंब्र्याहून एका बहिणीचं पत्र आलं. माहेर सोलापूरचं, सासर दापोली तालुक्यातलं. ती लिहिते, "आमच्या माहेरी मासळी म्हणजे कधीतरी आलेला उजनीचा मासा, बाकी सगळं गोश्त. इथे ताटात रोज नवीन काहीतरी. सुट्टीत गावी गेलो की धाकटे दीर खडकावर बसून गळ टाकतात आणि जे लागेल ते घेऊन येतात. सासूबाई नावं सांगतात, मी विसरते. कुठली मासळी खायची, कुठली नाही, हे ओळखायचं कसं? घरात विचारायची लाज वाटते, म्हणून तुम्हाला विचारते."

बहिणी, लाजू नकोस. आम्ही जन्मापासून खाडीच्या काठावर वाढलो, लग्नही खाडीच्याच काठावरच्या घरात झालं, तरी या एका बाबतीत आमची अक्कल बारा वर्षं झोपलेली होती. त्यातून कुणाकुणाचं काय नुकसान झालं ते पुढे सांगतोच. आधी तुझ्या दिरांच्या गळाला काय लागतं ते पाहू.

मासळी ताजी कशी ओळखायची हे प्रत्येक कोकणी घरात मुलीला न सांगता कळतं. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, आत गेलेला, दुधाळ नको. कल्ला उचलून पाहिला की लाल हवा. बोटाने दाबलं की मास परत वर यायला हवं. पापलेटच्या कल्ल्यापाशी दाबलं आणि पांढरं पाणी आलं तर घ्यावं, लालसर आलं तर टोपलीत परत ठेवावं. कोलंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. बोंबील गुलाबीसर, नितळ हवा, पिवळा पडलेला नको. वास समुद्राचा यावा, मासळीचा नव्हे. ज्याला हा फरक कळला त्याला निम्मा बाजार कळला.

पण ही सगळी परीक्षा ताजेपणाची आहे. ताजी मासळी निर्धोक असतेच असं नाही, आणि दिसायला चांगली असलेली मासळी ताजी असतेच असंही नाही. आम्ही हे दोन्ही एकच समजत होतो.

गळाला लागणाऱ्यांत पहिला ओळखायचा तो केंड. पाण्याबाहेर काढला की पोट फुग्यासारखं टम्म फुगवतो. मुलं त्याला बघून हसतात, काठीने टोचतात. अंगावर नेहमीच्या माशासारखे खवले नसतात, कातडी गुळगुळीत किंवा बारीक काट्यांची खरखरीत असते. तोंड लहान, आणि त्यात पोपटाच्या चोचीसारखे बाहेर आलेले चार मजबूत दात. हेच दात जाळी कुरतडतात, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मच्छीमार केंडाच्या नावाने बोटं मोडतात. केंडांचा थवा जाळ्यात घुसला की मासळीही जाते आणि जाळंही.

केंड जिवंत असो, ताजा असो, कल्ले लालभडक असोत, तो खायचा नाही. त्याच्या काळजात, गाभोळीत, आतड्यांत, कातडीत आणि काही जातींत मासातसुद्धा टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, कोकम-चिंचेने मरत नाही. खाल्ल्यावर आधी ओठ आणि जीभ झिणझिणतात, बधिर होतात. मग हातपाय जड होतात, बोलणं अडखळतं, शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात, आणि माणूस बहुधा शुद्धीत असतो. यावर उतारा नाही. विष शरीरातून जाईपर्यंत यंत्राने श्वास देत राहणं एवढंच दवाखान्यात करता येतं, आणि वेळेत पोचलेली माणसं त्यावर वाचतातही. जपानमध्ये हाच मासा फुगू नावाने चवीने खातात, पण तिथे तो साफ करायला खास परवाना लागतो. आपल्या ओट्यावर तो परवाना नाही.

आमच्या घरी एक चाचा होते, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. ते म्हणायचे, "समुद्राचं सगळं हलाल, मग केंड का टाकता?" कोकणात आपण बहुतेक शाफ़ई, म्हणून समुद्रातल्या खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे मोकळीक जास्त. घाटावरच्या हनफ़ी घरांत आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा खात नाहीत, आपल्याकडे त्याला तशी मनाई नाही. मसल्याचं मोठं बोलणं आमचं काम नाही, ते आपापल्या आलिमांना विचारावं. पण जे खाल्ल्याने जीव जातो किंवा तब्येतीला नुकसान होतं ते कुठल्याच मसलकात जायज़ नाही, एवढं मदरशात गेलेल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. हलालसोबत तय्यबही हवं. आणि पाण्यावर तरंगणाऱ्या मासळीबद्दल आमचं म्हणणं मसल्यापलीकडचं, साधं चुलीपुरतं आहे. कोकणातल्या काही खाड्यांत कारखान्यांचं सांडपाणी आलं की मासे ढिगाने मरून वर येतात. लोक टोपल्या घेऊन धावतात. ते कशाने मेले हे कळेपर्यंत त्या टोपलीला हात लावू नये. हनफ़ी सुनेने नाक मुरडलं तर सासूने त्या दिवशी तिचं ऐकावं.

आता बांगडा.

बारा वर्षांपूर्वीचा मे महिना. नणंदेची मुलं मुंबईहून आलेली, घरात सतरा माणसं. आम्ही सकाळी हर्णैला गेलो. ज्यांनी हर्णै पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथे बोटी किनाऱ्यापासून लांब उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात जाऊन मासळी वाळूवर आणतात आणि तिथेच लिलाव होतो. आमच्या नेहमीच्या एक कोळीण मावशी होत्या. चाळीस बांगडे घेतले. हिरवट निळे पट्टे उन्हात चमकत होते, अंग धनुष्यासारखं ताठ. मावशींनी पिशवीत दोन ओंजळी बर्फाचा चुरा टाकला आणि म्हणाल्या, "भाभी, थेट घरी जा हां."

आम्ही थेट घरी गेलो नाही. दापोलीत शिंप्याकडे लग्नाचे कपडे घ्यायचे होते. तिथून खालांची तब्येत विचारायला गेलो तर त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिशवी गाडीच्या डिकीत. घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते, म्हणजे घेतल्यापासून पाच तास झाले होते. बर्फाचं पाणी होऊन गळून गेलं होतं. बांगड्यांचे डोळे जरासे मळले होते, पण कल्ले लाल होते, पोट फुटलं नव्हतं, घाण वास अजिबात नव्हता. सासूबाईंनीही एक उचलून पाहिला आणि "चांगले आहेत" म्हणाल्या. उन्हात राहिले म्हणून आम्ही हळद-मीठ जरा जास्त चोळलं आणि अर्धे तळले, अर्ध्यांचं कोकम घालून सालन केलं.

मगरिबनंतर दस्तरखान मांडला. नणंदेची आठ वर्षांची मुलगी दुसऱ्या घासाला म्हणाली, "मामी, बांगडा तिखट लागतोय, जिभेला टोचतोय." आम्ही म्हटलं, "मुलांच्या वाट्याच्या तुकड्यांना मिरची लावलेलीच नाही. मुंबईची नाटकं नकोत, खा." तिने मुकाट्याने खाल्लं. हे वाक्य आम्हाला आजही रात्री आठवतं.

अर्ध्या तासात तिचा चेहरा लालबुंद झाला, गळ्यावर, छातीवर चट्टे उठले, उलटी झाली, छाती धडधडायला लागली. रात्री गाडी काढून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात पोरगी शांत झोपली, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टर म्हणाले, मासळीची ॲलर्जी दिसते, पुन्हा देऊ नका. त्या घाईत त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. त्यांना आम्ही पूर्ण गोष्ट सांगितलीच नव्हती, कारण आम्हालाच ती दिसली नव्हती. त्याच रात्री मोठ्या दिरांचे कान लाल होऊन खाजत होते, ते म्हणाले उकाडा. आमचं स्वतःचं डोकं ठणकत होतं, आम्ही म्हटलं ऊन लागलं. पुतण्याला दोनदा पोट बिघडलं, त्याच्या नावावर आंबे गेले. चार माणसांना एकाच संध्याकाळी त्रास झाला आणि चौघांनी चार कारणं शोधली.

त्याहून वाईट पुढे. पुढच्या आठवड्यात आम्ही हर्णैला जाऊन मावशींना चार बायकांसमोर सुनावलं. शिळे बांगडे गळ्यात मारलेत, पोर मरता मरता वाचली. त्या म्हणाल्या, "भाभी, बांगडा पहाटेचा होता, माझ्या पोराच्या शपथेने." आम्ही ऐकून घेतलं नाही. त्यांच्याकडची खरेदी बंद केली आणि मोहल्ल्यातल्या आणखी सहा-सात घरांनाही बंद करायला लावली.

आणि ती पोर? तिला बारा वर्षं मासळीचा काटा दाखवला नाही. कोकणी घरात याचा अर्थ काय होतो ते कोकण्यालाच कळेल. ईदनंतर सगळे एकत्र जेवायला बसले की तिच्यासाठी वेगळं अंडं. लग्नात नणंद आधी आचाऱ्याला शोधायची, कढई वेगळी आहे ना म्हणून. सासुरवाडी समुद्रकाठची नको, असंही बोलणं व्हायला लागलं. एका चांगल्या घरातून विचारणा आली. मुलगा देखणा, शिकलेला. बोलणी पुढे गेल्यावर नणंदेने प्रामाणिकपणे सांगितलं, मुलीला मासळी चालत नाही. त्यांनी हळूच पाय मागे घेतला. कारण हेच होतं असं आम्ही म्हणत नाही, पण मुलीने तेच मनाला लावून घेतलं.

त्या दिवसांत आमच्या जावेचा भाऊ घरी आला होता. परदेशी मासळी पाठवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होता. त्याच्यापुढे हा विषय निघाला. त्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "त्या रात्री आणखी कुणाला काही झालं होतं का?"

मग दिरांचे कान निघाले, आमचं डोकं निघालं, पुतण्याचं पोट निघालं. मुलीच्या जिभेला टोचलेला घास निघाला. तो म्हणाला, "ॲलर्जी एका माणसाची असते, चौघांची एकाच ताटातून येत नाही. त्या बांगड्यांत हिस्टामिन झालेलं होतं."

त्याने समजावलं ते आमच्या शब्दांत असं. बांगडा, सुरमई, कुपा, तारली, असल्या सळसळत्या, तेलकट मासळीच्या मासात हिस्टिडिन नावाचा एक घटक मुळातच भरपूर असतो. तो निरुपद्रवी. पण मासा मेल्यावर त्याच्या कल्ल्यांत आणि पोटात असलेले जंतू उष्णता मिळाली की वाढतात आणि त्या घटकाचं हिस्टामिन करून टाकतात. खऱ्या ॲलर्जीत आपलं स्वतःचं शरीर जे रसायन सोडतं ते हेच. म्हणून लक्षणं हुबेहूब सारखी. चेहरा लाल होतो, खाज येते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, मळमळतं, आणि खाताना कधी कधी जिभेला मिरीसारखं चुरचुरतं. हे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत सुरू होतं आणि बहुतेक वेळा दिवसभरात उतरतं.

यातली फसवी बाजू पुढे आहे. हिस्टामिन एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, लिंबू चोळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. बर्फ नवीन तयार होणं रोखतो, झालेलं परत घेत नाही. आणि मासळीला घाण वास सुटण्याच्या आधीच ते पुरेसं साठू शकतं. म्हणजे आमच्या सासूबाईंनी उचलून पाहिलं, नाक लावलं, ते सगळं बरोबर होतं आणि तरीही उपयोगाचं नव्हतं. एकाच पिशवीतला वरचा बांगडा बरा आणि खालचा बाधलेला असंही होतं. सतरा माणसांत चौघांनाच का त्रास झाला, याचं उत्तर आम्हाला तेव्हा मिळालं.

पाच तास मे महिन्यातली डिकी. मावशींचा बांगडा पहाटेचाच होता. बिघडवला आम्ही.

नणंदेने मुलीला मुंबईत ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे नेलं. चाचण्या झाल्या, मग त्यांनी दवाखान्यातच समोर बसवून थोडी थोडी मासळी खायला दिली. काही झालं नाही. इथे बहिणींना कळकळीने सांगतो, हा प्रयोग घरी करू नका. मासळीची खरी ॲलर्जी असते, ती जीवघेणी असते, आणि आमची गोष्ट वाचून कुणी "काही नाही होत" म्हणत मुलाला तुकडा भरवला तर त्याचा गुन्हा आमच्या माथी येईल. शंका असेल तर डॉक्टरांना पूर्ण गोष्ट सांगा. कोणती मासळी, कधी घेतली, किती वेळ कुठे होती, बरोबर जेवलेल्या आणखी कुणाला काय झालं. उरलेला तुकडा टाकू नका, डब्यात घालून बरोबर न्या. ओठ-जीभ बधिर झाली किंवा श्वास अडकला तर गोळ्या शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

तेव्हापासून आमच्या गाडीत थर्मोकोलचा डबा असतो. मासळी शेवटी घ्यायची, बाकीची कामं आधी उरकायची. डब्यात खाली बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ. जेवढी मासळी तेवढाच बर्फ, दोन ओंजळींनी भागत नाही. घरी आल्यावर आधी आतडी-कल्ले काढून धुवायचं, मग बुरखा काढून पाणी प्यायचं, असा आता आमचा क्रम आहे आणि सुना त्यावर हसतात. फ्रीजरमधली मासळी ओट्यावर नव्हे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटी होऊ द्यायची. पावसाळ्यात आपल्याकडे दोन दोन दिवस वीज जाते. फ्रीजरमधले बांगडे मऊ पडून वीज आल्यावर पुन्हा कडक झाले तर ते "तसेच आहेत" असं समजू नका. वाईट वाटतं, पैसे जातात, तरी टाका. आणि मूल म्हणालं घास टोचतोय, तर घास काढून घ्या.

आता बाकीच्यांचं थोडक्यात. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. लहान मासा थोडा घेतो, त्याला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, असं करत सगळ्यांचा वाटा शेवटच्याच्या अंगात. जपानच्या मिनामाता शहरात कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने काय झालं ते १९५६ पासून जगासमोर येत गेलं. पोटातल्या बाळांपर्यंत ते पोचलं होतं. आपल्याकडे तेवढं भय नाही, पण आपल्याकडे गरोदर आणि बाळंत बाईला आग्रहाने मोरी खाऊ घालतात, दूध येतं म्हणून. मोरी म्हणजे शार्कच. अमेरिकेत गरोदर बायकांना शार्क टाळायला सांगतात, आणि आपल्या सुरमईच्या तिकडच्या मोठ्या भावंडालाही. आम्ही आमच्या सुनेच्या वेळी सासूबाईंशी वाद न घालता मधला रस्ता काढला. मोरीचं लहान पिल्लू एकदाच, त्यांच्या समाधानापुरतं, आणि बाकी चाळीस दिवस बोंबील, मांदेली, तारली, सौंदाळे. लहान मासळी, कमी आयुष्याची, स्वस्त, आणि अंगाला लागायला मोठ्यांपेक्षा कमी नाही. नातू माशाअल्लाह गुटगुटीत आहे. श्रेय मोरीला मिळालं.

तांबोशीचं डोकं आमच्याकडे मानाचं, पाहुण्याच्या ताटात जातं. पण प्रवाळाच्या भागात राहणाऱ्या मोठ्या तांबोशीत, हेकरूत एक वेगळंच विष साठतं. तिथल्या शेवाळातून ते लहान माशांत आणि त्यांच्यातून मोठ्यांत येतं, आणि डोक्यात, काळजात, गाभोळीत जास्त असतं. मंगळूरला काही वर्षांपूर्वी तांबोशीची डोकी खाऊन पुष्कळ लोक आजारी पडले होते. त्यात गार पाणी हाताला चटका दिल्यासारखं लागतं आणि त्रास कधी कधी आठवडेच्या आठवडे राहतो. आपला किनारा बराचसा गाळाचा, म्हणून इथल्या खडकावरच्या हातभर तांबोशीने घाबरू नये. पण शहरातल्या बाजारात लांबून आलेलं भलं मोठं डोकं स्वस्तात मिळालं तर ते पाहुण्याला वाढण्याआधी कुठलं आहे ते विचारावं.

तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात. ज्या खाडीत गटार सुटतं, जिथल्या पाण्याला तेलाचा वास येतो, तिथल्या फुकट मिळाल्या तरी नकोत. शिजवायच्या आधी उघड्या पडलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकाव्यात. वाफेवर न उघडलेल्याही टाकाव्यात, चाकूने उघडून ताटात घेऊ नयेत.

राहिलं फॉर्मलिन. २०१८ च्या जुलैत गोव्यात यावरून मोठा गदारोळ झाला, बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदीही आली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने ते ओळखायची पट्टी काढली आहे. घरगुती खूण एवढीच, की डोळे निस्तेज झालेत तरी अंग रबरासारखं ताठ आहे, आणि मासळीचा वासच नाही, तर संशय घ्या. माशी बसत नाही म्हणजे फॉर्मलिन, हे सगळीकडे सांगतात, पण बर्फावरच्या चांगल्या मासळीवरही माशी कमी बसते. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात. त्या दिवसांत कुणी "आजचाच, आपल्या बंदराचा" म्हणून सुरमई दाखवली तर हसून पुढे जावं. तेव्हा खाडीची मासळी खावी, सुकट-सोडे काढावेत, नाहीतर गोश्त आहेच.

तर मुंब्र्याच्या बहिणी, दिरांनी गळाला लावून आणलेला मासा समोर आला की आधी त्याचं नाव विचार. नाव कुणालाच सांगता आलं नाही, किंवा डोकं-कातडी काढून नुसते तुकडे आणले असतील, तर ते मांजरालाही घालू नकोस, पुरून टाक. नाव कळलं तर विचार, कधी लागला आणि तेव्हापासून कुठे होता. सकाळी सहाला लागलेला बांगडा दीरसाहेबांनी अकरापर्यंत खडकावर तापत ठेवला असेल, तर धाकटी भावजय म्हणून गप्प राहू नकोस. पुढच्या खेपेला त्यांच्या हाती बर्फाचा डबा दे. सासूबाईंसोबत बाजारात जा, टोपलीवर बोट ठेवून नावं विचार. त्या रागावणार नाहीत. सुनेने मासळीचं नाव विचारलं की कोकणी सासू तासभर बोलते.

आणि आमचं राहिलेलं काम. गेल्या हिवाळ्यात आम्ही नणंदेला आणि तिच्या मुलीला घेऊन हर्णैला गेलो. मावशी आता थकल्यात, टोपली सुनेकडे दिली आहे, स्वतः शेजारी पाटावर बसून पैसे मोजतात. आम्हाला ओळखलं पण बोलल्या नाहीत. आम्ही वाळूतच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. शिंपी, खाला, डिकी. चार बायकांसमोर बोललो होतो, म्हणून चार बायकांसमोरच माफी मागितली. त्या बराच वेळ समुद्राकडे बघत होत्या. मग मुलीला जवळ ओढून तिची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "ही ती काय?"

सुनेला सांगून त्यांनी वीस बांगडे मोजायला लावले. आमचा थर्मोकोलचा डबा उघडून आत पाहिलं, बर्फ कमी आहे म्हणून आणखी अर्धं घमेलं ओतायला लावलं. पैसे घेतले, पूर्ण घेतले, ते आम्हाला बरं वाटलं. निघताना मागून हाक आली.

"भाभी, वाटेत कुठे थांबणार नाय ना?"